बोट की बेट?

कॅरिबियन क्रूझचं बुकिंग करायला बसलं की आमच्या घरात सरळ दोन तट पडतात. मुलांना बोट हवी असते, अप्पांना बेटं. मुलं यूट्यूबवर घसरगुंड्यांचे व्हिडिओ बघून तयारीत असतात. अप्पा, म्हणजे माझे सासरे, १९७१ चा वेस्ट इंडीजचा क्रिकेट दौरा डोक्यात घेऊन बसलेले असतात. नवऱ्याचं लक्ष फक्त एकूण आकड्याकडे. सासूबाईंना कुणी मत विचारत नाही, पण शेवटी त्यांचे गुडघे म्हणतील तसंच होतं.

न्यू जर्सीत आमच्या ओळखीतल्या जवळपास प्रत्येक मराठी घरात हा वाद झालेला आहे. आईवडील भारतातून आले, मुलांना सुट्टी आहे, सगळ्यांना झेपेल असं काय करायचं, तर क्रूझ. मग कुणीतरी पॉटलकला गाठून विचारतंच, ‘तू सांग गं, बोट बघून घ्यावी की ठिकाण बघून?’ अशा वेळी मी आधी नकाशा उघडायला सांगते. ब्रोशरमधला नको, त्यात सगळी बेटं एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेली असतात. खरा नकाशा.

फ्लोरिडातल्या मायामीहून सेंट थॉमस बेट साधारण हजार सागरी मैल. या बोटी तासाला वीसेक मैल जातात. म्हणजे पन्नास तास नुसतं पाणी, आणि परत येताना पुन्हा तेवढंच. फ्लोरिडाहून निघणाऱ्या सात रात्रींच्या ‘ईस्टर्न कॅरिबियन’ क्रूझमध्ये म्हणूनच बहुधा तीन बंदरं आणि तीन दिवस समुद्र असतो. बंदरातही सकाळी आठला उतरायचं आणि संध्याकाळी पाचच्या आत परत. आठवड्यातले पंचवीस-तीस तास बेटांच्या वाट्याला येतात, बाकी सगळे बोटीच्या. अशा वेळी ‘आम्ही बोटीकडे बघतच नाही, आम्हाला बेटं बघायची आहेत’ असं कुणी म्हणालं तर त्याने हिशेब केलेला नाही. फ्लोरिडाहून जाताय ना, मग तुम्ही बोटच विकत घेताय. ती चांगली घ्या.

हेच सान हुआनहून, म्हणजे पोर्तो रिकोहून निघालात तर गणित उलटं होतं. सान हुआन मुळातच बेटांच्या माळेच्या तोंडाशी आहे. तिथून रात्री झोपायचं, सकाळी पडदा बाजूला केला की नवीन बेट. आठवड्यात पाच-पाच बंदरं होतात. तिथे बोटीवर बर्फाचं स्केटिंग असलं काय नि नसलं काय, तुम्ही दिवसभर बाहेर असता आणि रात्री जेवून आडवे होता. पलंग बरा असला की झालं. नेवार्कहून सान हुआन चार तासांचं विमान, तेही देशांतर्गत. पण विमानाची तिकिटं सहा माणसांची काढावी लागतात, आणि इथे नवरा कॅल्क्युलेटर काढतो.

आम्हा जर्सीवाल्यांना आणखी एक मोह असतो, तो बेयोनचा. घरापासून गाडीने तासाभरात बंदर, विमान नाही, बॅगांचं वजन नाही, सासूबाईंना व्हीलचेअर सांगायला नको. स्वातंत्र्यदेवीला टाटा करत व्हेराझानो पुलाखालून बोट बाहेर पडते तेव्हा डेकवर सगळे ‘आता घासणार, आता घासणार’ करत धुरांड्याकडे बघत असतात. छान वाटतं. पण जानेवारीत पहिला दीड दिवस डेकवर उभं राहवत नाही. तलाव भरलेला आणि त्यात उतरायची कुणाची छाती नाही. शिवाय तिथून आठवडाभरात जेमतेम बहामाजपर्यंत पोचता येतं, आणि भूगोलाप्रमाणे बहामाज कॅरिबियन समुद्रात नाहीतच, ती अटलांटिकमध्ये आहेत. अमेरिकेत १८८६ पासून एक कायदा आहे. परदेशी नोंदणीच्या बोटीला अमेरिकेतल्या बंदरातून माणसं घेऊन वाटेत परदेश न गाठता तशीच फिरवून आणता येत नाही. आणि या बहुतेक सगळ्या बोटींवर झेंडा बहामाजचा, पनामाचा नाहीतर असाच कुणाचा तरी. तेव्हा बहामाजमधल्या नासाऊला तोंड दाखवणं भागच असतं. ब्रोशरमध्ये त्याला ‘एक्झॉटिक’ म्हणतात.

आता बोटीच्या आकाराकडे येते, कारण खरी गोम तिथे आहे. ‘आयकॉन ऑफ द सीज’ ही बोट जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून धावायला लागली. लांबी ३६५ मीटर, वीस डेक म्हणजे मजले, गच्च भरली तर ७,६०० प्रवासी, वर २,३५० कर्मचारी. माझ्या मुलांना हे आकडे पाठ आहेत. मी त्यांना एकच विचारते, ही बोट लागणार कुठे? जिथे तेवढा धक्का आहे तिथे. म्हणजे बोट निवडली की बेटं आपोआप निवडली जातात, तुम्हाला कुणी विचारत नाही. ग्रँड केमनला धक्काच नाही. बोट बाहेर नांगर टाकून उभी राहते आणि लहान होड्यांतून माणसं किनाऱ्याला नेतात, त्याला टेंडर म्हणतात. पाच-सहा हजार माणसं अशी उतरवायची तर उतरवता उतरवताच परत चढवायची वेळ व्हायची, म्हणून सगळ्यात थोराड बोटी तिथे फिरकत नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये केमनच्या लोकांनी सार्वमतात धक्का बांधायलाच नकार दिला. मला ते फार आवडलं. दुकानदारांचं नुकसान होईल हे मान्य, पण आपल्या गल्लीत किती पाहुणे मावतात ते गल्लीतल्यांनीच ठरवावं.

आकाराचा फरक बघायचा तर क्युरासाओ बेटावर जावं. विलेमस्टाड गावाच्या मधोमध सेंट ॲना बे नावाची खाडी आहे आणि तिच्यावर १८८८ सालचा क्वीन एम्मा पूल. हा पूल खांबांवर नाही, एका ओळीत बांधलेल्या होड्यांवर तरंगतो आणि चालताना पायाखाली जरा डुलतो. बोट यायची झाली की घंटा वाजते, दोन्हीकडची फाटकं बंद होतात. पुलाच्या एका टोकाला छोटी खोली आहे, तिच्यातलं इंजिन सुरू होतं आणि अख्खा पूल दरवाजासारखा बाजूला फिरतो. जे लोक पुलावर असतात ते तसेच पुलासकट फिरतात. नारिंगी झेंडा लागला तर थोड्या वेळाचं काम, निळा लागला तर बराच वेळ. मग लोक मुकाट्याने फुकटची फेरी पकडून पलीकडे जातात. आम्ही पुलावरच अडकलो होतो. माझी लेक कठड्याला धरून ‘आई, आपण चाललोय!’ म्हणून ओरडत होती आणि शेजारची एक बाई कोपराला भाजीची पिशवी अडकवून फोनवर बोलत होती, तिला याचं काहीच नव्हतं. एक मध्यम आकाराची पांढरी क्रूझ आमच्या नाकासमोरून गावात शिरली, पिवळ्या-निळ्या डच घरांच्या इतकी जवळून की बाल्कनीतल्या माणसाच्या हातातला कप दिसला. त्या माणसाने त्या दिवशी जे पाहिलं ते मोठ्या बोटीतल्याला कधीच दिसणार नाही. खाडीवर पुढे जो उंच पूल आहे त्याखालून ज्यांना जाता येत नाही अशा बोटी किल्ल्याबाहेर, मेगा पिअर नावाच्या धक्क्याला लागतात. आमचीही तिथेच लागली होती. दहा मिनिटं चालून आलो, तक्रार नाही, पण असूया वाटली.

क्रूझ कंपन्यांना हे सगळं आपल्याआधी कळलेलं आहे. बेटाला बोट झेपत नाही, तर बोटीला झेपेल असं बेट करावं, म्हणून खासगी बेटं आली. नॉर्वेजियन कंपनीने १९७७ साली बहामाजमधलं ‘ग्रेट स्टिरप की’ हे बेट घेतलं, मग बाकीच्यांनी एकेक धरलं. रॉयल कॅरिबियनच्या ‘कोको के’ बेटाचं मूळ नाव ‘लिटल स्टिरप की’. २०१९ मध्ये त्यांनी त्याचा कायापालट केला, १३५ फूट उंचीची घसरगुंडी उभारली. माझी मुलं तिथे दिवसभर दिसली नाहीत. सासूबाई सावलीतल्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, ‘हे बरंय, बस नाही नि चढ नाही.’ त्यांचं खरंच होतं. वाळू गाळून घेतल्यासारखी, पाणी उथळ, जेवण बोटीतलंच. पण तिथे कुणी राहत नाही. शाळा नाही, देऊळ नाही, चर्च नाही, रस्त्यावर भांडणारं कुणी नाही. दुकानात दिलेले पैसेही बोटीच्याच गल्ल्यात. तो बोटीचा एकविसावा डेक आहे, फक्त वाळूचा. मजा करा, पण ‘आम्ही बहामाज बघितलं’ म्हणू नका.

लाबादीचं मात्र मला सहन होत नाही. हैतीच्या उत्तर किनाऱ्यावरचा हा तुकडा रॉयल कॅरिबियनने १९८० च्या दशकापासून भाड्याने घेतलेला आहे, भोवती कुंपण. जानेवारी २०१० मध्ये हैतीत तो भयानक भूकंप झाला, आणि काही दिवसांतच तिथे पुन्हा पर्यटकांच्या बोटी लागायला लागल्या. कंपनीने मदतीचं सामानही त्याच बोटींतून नेलं आणि ‘आम्ही आलो नाही तर इथल्यांची रोजी बुडेल’ असं सांगितलं. तेही खोटं नसावं. तरी कुंपणाच्या आत नारळपाणी पीत बसणं मला जमलं नसतं. अलीकडे हैतीतल्या हिंसाचारामुळे त्या फेऱ्या थांबवाव्या लागल्या.

आता अप्पा. अप्पा १९७१ साली दादरला शाळेत होते. वाडेकर कॅप्टन, गावस्करची पहिलीच मालिका, ७७४ धावा. मडगावात जन्मलेल्या सरदेसाईंच्या ६४२, त्यात किंग्स्टनला २१२. पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवलं. अप्पांचं कॅरिबियन पेपरातल्या धावफलकांवर उभं आहे: किंग्स्टन, ब्रिजटाउन, पोर्ट ऑफ स्पेन, जॉर्जटाउन. त्यांच्या पिढीच्या कुठल्याही मराठी माणसाला झोपेतून उठवून विचारा, ही चार नावं येतील. आणि क्रूझवाल्यांचं कॅरिबियन म्हणजे कोझुमेल, नासाऊ, सेंट थॉमस, कोको के. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर जवळजवळ काही जुळत नाही. जमैकाला बोटी जातात त्या फाल्मथला नाहीतर ओचो रियोसला, किंग्स्टनला क्वचितच. पोर्ट ऑफ स्पेन फार कमी फेऱ्यांत. जॉर्जटाउन तर दक्षिण अमेरिकेच्या भूमीवर, बोटींच्या वाटेतच नाही. उरलं बार्बाडोसचं ब्रिजटाउन. ‘मग ब्रिजटाउन’, अप्पा म्हणाले. एखादा माणूस इतक्या वर्षांत काहीच मागत नाही, तेव्हा त्याने मागितलेल्या एका गोष्टीवर घासाघीस करायची नसते. सान हुआनहून निघणारी, जराशी जुनी, घसरगुंडीविना बोट मी त्याच रात्री बुक केली. मुलांनी दोन दिवस अबोला धरला.

बोट खरोखरच जुनी होती. लिफ्ट कण्हायची, बाथरूममध्ये साबण पडला तर वाकायला दार उघडावं लागायचं. पण जेवणघरात आमच्या टेबलाला बाणावलीचा एक वेटर होता, आणि पहिल्याच रात्री सासूबाईंच्या तोंडून ‘अगं बाई, वरण मिळेल का विचार’ निघताच तो मागून म्हणाला, ‘मिळेल मावशी, उद्या सांगून ठेवतो.’ दुसऱ्या दिवसापासून ताटात वरणभात. गोव्यात नि रत्नागिरीकडे कितीतरी घरांत ‘मुलगा बोटीवर असतो’ एवढं सांगितलं की पुढचं कळतं. तो वर्षातले आठ-नऊ महिने बोटीवर होता. मी त्याला विचारलं, यातलं कुठलं बेट चांगलं? त्याने मनापासून विचार केला आणि म्हणाला, सेंट मार्टिन, कारण तिथे धक्क्याजवळ वाय-फाय जोरात चालतं आणि बायकोला व्हिडिओ कॉल लागतो. पोर्टच्या दिवशीही काही कर्मचाऱ्यांना बोटीवर थांबावंच लागतं, आणीबाणीसाठी. त्याची पाळी नेमकी ब्रिजटाउनला होती.

अँटिग्वाला बोट अगदी सेंट जॉन्स गावात लागते आणि धक्क्यापासून थोडं चाललं की जुनं रिक्रिएशन ग्राउंड, शेजारी तुरुंग. ब्रायन लाराने १९९४ मध्ये ३७५ आणि २००४ मध्ये नाबाद ४०० धावा केल्या त्या इथेच. २००२ मध्ये जबडा मोडलेला, तोंडाला पट्टी गुंडाळलेला कुंबळे इथेच गोलंदाजीला आला आणि त्याने लाराला पायचीत केलं. कसोटी सामने आता दुसऱ्या, नव्या स्टेडियममध्ये होतात. मैदानाचं गवत वाढलेलं होतं, एक कुत्रं मिडविकेटला झोपलं होतं. धाकटा म्हणाला, ‘एवढंच?’ अप्पांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

सेंट लुसियात पाऊस लागला. पिटॉनची ती दोन टोकदार शिखरं बघायला नागमोडी रस्त्याने दीड तास जावं लागतं, सासूबाईंनी नाही म्हणून सांगितलं, आम्ही कॅस्ट्रीजच्या डेरेक वॉलकॉट चौकात झाडाखाली उभे राहिलो. एवढंसं बेट आणि दोन नोबेल: आर्थर लुईस यांना १९७९ मध्ये अर्थशास्त्राचं, वॉलकॉट यांना १९९२ मध्ये साहित्याचं. दोघांचाही वाढदिवस २३ जानेवारी.

ब्रिजटाउनला धक्क्यावरून केन्सिंग्टन ओव्हल मैदान जवळच आहे, अप्पा चालतच निघाले होते. ऊन बघून मी टॅक्सी थांबवली. ड्रायव्हर अप्पांच्याच वयाचा. त्याने आरशातून आमच्याकडे बघितलं, विचारलं, ‘इंडिया?’ अप्पा ‘येस’ म्हणाले. त्यावर तो स्टिअरिंगवर हात आपटून म्हणाला, ‘एटी-वन!’ आणि मनसोक्त हसला. मला काही कळेना. अप्पांचा चेहरा पडलेला. १९९७, सचिन कॅप्टन, जिंकायला १२० हव्या होत्या, सगळे ८१ मध्ये बाद. इतक्या वर्षांनी टॅक्सीत बसल्या बसल्या ती पावती मिळाली. अप्पा गप्प बसणाऱ्यातले नव्हेत. त्यांनी वाकून टॅक्सीच्या पायपुसण्यावरून काहीतरी चिमटीत उचलल्यासारखं केलं, तोंडात टाकलं आणि म्हणाले, ‘ट्वेंटी-ट्वेंटीफोर!’ रोहित शर्माने विश्वचषक जिंकल्यावर याच मैदानातल्या खेळपट्टीची माती चाखली होती, ते ड्रायव्हरलाही ठाऊक होतं. मग त्या दोघांनी आम्हाला विचारलंच नाही. बोलणं १९६२ वर गेलं. इथेच ग्रिफिथचा चेंडू भारताचा कॅप्टन नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला लागला, कवटी फुटली, आणि रक्त द्यायला पुढे आलेल्यांत वेस्ट इंडीजचा कॅप्टन फ्रँक वॉरेल होता. बोर्डे, नाडकर्णी, उम्रीगर यांनीही दिलं. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत. ड्रायव्हर तेव्हा लहान होता. त्याचे वडील त्या दिवशी मैदानात होते, असं तो म्हणाला. खरं असेल, नसेल. गाडी ओव्हलच्या बाहेर सोबर्सच्या पुतळ्यापाशी कितीतरी वेळ उभी होती आणि मीटर नव्हताच.

एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी. बेटं बघून क्रूझ घेतली तरी ती मिळतीलच असं नाही. तिकिटाच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की कॅप्टनला योग्य वाटलं तर बंदर गाळता येतं. जून ते नोव्हेंबर वादळांचा मोसम, त्यात पूर्वेकडे निघालेली बोट ऐनवेळी पश्चिमेला वळते. टेंडरची बंदरं तर नुसत्या लाटांनीही हुकतात. आणि आईवडील भारतीय पासपोर्टवर असतील तर अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा हवा, शिवाय डच, फ्रेंच, ब्रिटिश बेटांचे नियम निरनिराळे. ते बुकिंगच्या आधी बघा, पैसे भरल्यावर नको. अप्पांसाठी आम्ही फेब्रुवारी धरला होता तो म्हणूनच. ब्रिजटाउन गळलं असतं तर माझी खैर नव्हती.

आता पाळी मुलांची. या वेळी फ्लोरिडाहून, सगळ्यात मोठ्या जातीची बोट, सहा घसरगुंड्या, बर्फाचं रिंक, सगळं. केबिन लिफ्टजवळची घेतली, सासूबाईंसाठी. बंदरं कुठली आहेत ते मी नीट वाचलेलंही नाही, कारण त्यासाठी आम्ही पैसे भरलेले नाहीत. परवा फोनवर अप्पांनी विचारलं, वाटेत एखादं क्रिकेटचं ग्राउंड लागतं का? नाही म्हटलं. ‘बरं’, ते म्हणाले, ‘मग मी बोटीवरच थांबतो. सगळे उतरले की त्या घसरगुंडीला रांग नसेल.’